उबेला ठेवलेला देव

आमच्या घरातला देव आमच्या ह्यांनी स्वतः घडवला होता. यशवंत बर्वे आणि देव, असं नुसतं म्हटलं तरी पुण्यात आमच्या ओळखीची माणसं हसतात. मुंजीतलं जानवं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी खुंटीला अडकवलं ते परत अंगावर घेतलं नाही, सप्तपदी चालू असताना भटजींना 'जरा आवरतं घ्या' म्हणाला, असा हा माणूस. पण देव घडवला खरा. तो माझ्यासाठी घडवला, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून त्यांच्या एकट्यावर कुणी खापर फोडू नये.

हे सगळं १९६० च्या हिवाळ्यातलं. जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरात एका लहानशा गावातल्या खाणशाळेत यशवंत डॉक्टरेटसाठी आले होते, आणि वर्षभरानं मी. शिष्यवृत्ती आपल्या सरकारची. तिकडे दख्खनमध्ये जिथे लोक खड्डे खणून थोडाथोडा सोन्याचा दगड काढतात, तिथे सरकारनं स्वतःची गिरणी घालावी, लोकांनी आपापला दगड आणावा, सरकारनं तो कुटून सोनं काढून द्यावं, असा कुठल्याशा खात्याचा बेत होता. ती गिरणी कशी असावी हे यशवंतांनी शिकून यायचं होतं. मी विचारलं होतं, पिठाच्या गिरणीसारखी? म्हणाले, अगदी तशीच, फक्त भाकरी होत नाही.

त्यांच्या प्रोफेसरांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं, "नवी गिरणी बांधण्याआधी जुनी का बंद पडली ते वाचा." खाली दरीत तशी एक जुनी गिरणी होती. दोनशे वर्षं तिथल्या संस्थानिकांच्या खाणखात्यानं चालवली, राजे गेल्यावर नव्या सरकारनं चालवली, आणि १९२४ साली तिला कुलूप लागलं. तिची दप्तरं खाणशाळेच्या माळ्यावर पडून होती. यशवंत धूळ खात बसायचे आणि संध्याकाळी जेवायच्या आधी मला वाचलेलं सांगायचे. इतर बायकांना नवरे सिनेमाची गोष्ट सांगतात. मला मुसळांची.

गिरणी म्हणजे खरोखर उखळ-मुसळच होतं. पाणचक्कीवर फिरणारा दांडा, त्यावर उचलली जाणारी बारा लोखंडी मुसळं. ती दगडावर आपटायची, त्याचा रवा व्हायचा, पाण्याबरोबर तो पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहायचा. सोनं पाऱ्याला चिकटायचं आणि दगड वाहून जायचा. मग पत्रा खरवडायचा, तो लगदा चामड्यात घालून पिळायचा, आणि राहिलेला गोळा भट्टीत ठेवायचा. पारा धूर होऊन उडतो आणि तळाला सोनं उरतं. किती? नखाएवढं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो सगळा कारभार. लहान खाणवाल्यांना दुसरीकडे कुठे दगड कुटायची बंदी होती. ज्याचा नंबर लागेल त्यानं यायचं, खातं देईल ते घ्यायचं, आणि उरलेला गाळ सरकारजमा.

आता माझं सांगते. पुण्यात असताना मला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी 'विश्रांती घ्या' म्हटलं, शेजारणींनी सल्ले दिले, सासूबाईंनी तोंडानं एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागायचं. जर्मनीला आले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि रस्त्यात बाबागाडी दिसली की दुकानाच्या काचेकडे तोंड फिरवत होते.

ऑक्टोबरात सासूबाईंचं पत्र आलं. त्यांना कुणा वैद्यबुवांनी सांगितलं होतं की पारदलिंगाची पूजा करावी, रोज अभिषेकाचं तीर्थ घ्यावं, कूस उजवते. आणि खाली लिहिलं होतं, "यशवंत तर पाऱ्यातच बसलेला आहे. त्याला एवढं जड नाही."

मला वाटलं, हे आता तासभर व्याख्यान देणार. पण त्यांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला हवंय?"

मी म्हटलं, "हवंय."

रुखवतातली चांदीची एक वाटी मी बरोबर आणली होती. आठ दिवस ते प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत ती वाटी कानशीनं घासत होते. ती भुकटी पाऱ्यात खलली, चामड्यात पिळली, हातानं आकार दिला. दोन दिवसांत ते घट्ट झालं. अंगठ्याएवढं लिंग, पण हातात घेतलं की मनगट खाली जावं इतकं जड. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "तुझा देव. ह्यात माझी श्रद्धा शून्य आहे, मजुरी मात्र आहे." मी त्यांच्या पाया पडले तर लाजले.

आमची खोली फ्राऊ केर्स्टन नावाच्या विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर होती. खिडक्या एवढ्या गार की तिथे ठेवलेलं दूध गोठायचं. खोलीत उबेची जागा एकच, काखेलओफेन, म्हणजे फरशा लावलेली उंच शेगडी. तिला छातीच्या उंचीवर एक कट्टा होता, त्यावर फ्राऊ केर्स्टन पूर्वी सफरचंदाच्या चकत्या सुकवायची. मी तो कट्टा पुसला, लाल खणाचा तुकडा अंथरला आणि देव तिथे मांडला. परक्या मुलखात आणलेला देव, त्याला थंडीत कुडकुडत कसा ठेवणार? ही अक्कल माझी. यशवंतांनी तेव्हा वर बघितलं होतं की नाही, मला आठवत नाही. त्यांनी बघितलं असतं तरी त्यांना तो देव दिसला असता, पारा नव्हे. घरात शिरताना माणूस आपली विद्या जोड्यांबरोबर दाराबाहेर काढतो.

डिसेंबरात कळलं, मला दिवस गेलेत.

जानेवारी अखेर तिसरा महिना संपला आणि काहीही झालं नाही. चौथा लागला. मी बाजारात जाताना पायऱ्या एकेक करून उतरत होते, आणि मनात सारखं एकच, राहू दे, एवढं राहू दे. दर सोमवारी उपास, रोज सकाळी अभिषेक, चमचाभर तीर्थ. देवाच्या अंगावर सकाळी बारीक चकचकीत थेंब आलेले असायचे. देवाला घाम येतो, असं मी सासूबाईंना कौतुकानं लिहिलं. ते थेंब मी बोटानं गोळा करून परत त्याच्या पायाशी ठेवायचे. काही निसटून जमिनीच्या फळ्यांच्या फटीत जायचे. खोली बंद, शेगडी दिवसभर पेटलेली, आणि मी दिवसभर त्या खोलीत. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

तोंडाला लोखंडाची चव यायची. डोहाळे असलेच असतात म्हणतात, मी मनावर घेतलं नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. तेही पोटुशीला होतं. मग एक दिवस दुकानात पावाचं नाव सांगताना मला दरदरून घाम फुटला. मागे उभ्या बायका माझ्याकडे बघताहेत असं वाटलं आणि मी पाव न घेताच परत आले. त्यानंतर दुकानात जाणंच टाळायला लागले. यशवंत काही बोलले की रडू तरी यायचं नाहीतर संताप. एकदा आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाले, मी ताटली भिंतीवर फेकली. ते वाकून तुकडे गोळा करत होते, आणि मला त्याचाही राग आला.

फ्राऊ केर्स्टनच्या हातून कप घेताना माझा हात थरथरला आणि कप फुटला. दुसऱ्या आठवड्यात दुसरा फुटला. बाई जवळ येऊन नाकानं हुंगून गेली. दोन दिवसांनी ती आमच्या कचऱ्याच्या डब्यात वाकून बाटल्या शोधताना मी जिन्यावरून बघितली. मी, माधवराव साठ्यांची मुलगी, चोरून दारू पिते! मला हसूच आलं. संध्याकाळी यशवंतांना सांगितलं तर तेही हसले.

"गंमत आहे," म्हणाले, "गिरणीच्या दप्तरातसुद्धा हेच. भट्टीवरच्या माणसांची नोंदवही सापडलीये. तीस वर्षांत अकरा जण. त्यातल्या नऊ जणांना एकाच कारणावरून काढलंय. दारुडा, हात थरथरतात. हो ना, डोंगरातली थंडी, पीत असतील."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं माझ्या हातात नीट राहत नव्हतं, म्हणून मी मुठी आवळून लाटत होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि तरीही आम्हा दोघांनाही काही दिसलं नाही.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला ते भर दुपारी घरी आले. जिना धावत चढल्याचा आवाज आला. दार उघडून ते तसेच उभे राहिले, अंगात कोट, बुटांना बर्फ. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेगडीच्या कट्ट्याकडे बघितलं.

"अहो, काय झालं?"

"हात पुढे कर."

मी हात पुढे केला. त्यांनी टेबलावरचा कागद उचलून माझ्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत वारा नव्हता.

मग त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं. माळ्यावर त्यांना एक पत्र सापडलं होतं, त्यातलं त्यांनी उतरवून आणलं होतं. १९०७ साली तिथल्या डॉक्टरानं खाणखात्याला लिहिलेलं पत्र. त्यात म्हटलं होतं की भट्टीवरची माणसं दारुडी नाहीत. हार्टुंग नावाच्या माणसानं तर जन्मात बिअरला तोंड लावलेलं नाही, तो दर रविवारी प्रार्थनेला पहिला असतो. ही माणसं पाऱ्याच्या धुरानं थरथरतात. आणि हार्टुंगची बायको, जिनं गिरणीत पाऊल टाकलेलं नाही, तीही थरथरते. कारण पिळायची चामडी गिरणीत गोठून कडक होतात, ती घरी नेऊन शेगडीवर वाळवावीत असा खात्याचाच हुकूम आहे. तिची चार मुलं जन्माआधी गेली आहेत. खात्यानं यात लक्ष घालावं.

"आणि खात्यानं काय केलं?" मी विचारलं.

"उत्तर दिलं. एका ओळीचं. गिरणीचे आकडे समाधानकारक आहेत, सबब चौकशीचं कारण दिसत नाही." ते शेगडीकडे निघाले. "मी मूर्ख आहे गं. पारा तापला की उडतो, हे मी पोरांना शिकवतो. शिकवतो! आणि माझ्या घरात तीन महिने..."

"अहो, हात लावू नका."

ते थांबले.

"हे काढायलाच हवं. आत्ता. तुझ्यासाठी आणि बाळासाठी."

"बाळासाठी?" मी म्हटलं. "पुण्यात कुठे होता पारा? तिथे कोणी चामडी वाळवत होतं का शेगडीवर? तरी दोन्ही गेलीच ना माझी. हा देव घरात आला आणि हे राहिलं. पाचव्याला टेकलंय. आणि तुम्ही म्हणता काढा?"

"तो देव नाहीये. तुझी वाटी आहे आणि माझा पारा."

"मग घडवलात कशाला?"

त्यांनी रुमाल काढला, हातावर घेतला आणि लिंगाकडे हात नेला. आणि मी बोलले. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पाऱ्यानं माणूस असाच भडकतो, हे सगळं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण तोंड माझंच होतं.

"हा देव इथून हलवलात तर पोटातल्या जिवाची शपथ आहे तुम्हाला."

शपथ न मानणारा माणूस. सत्यनारायणाचा प्रसाद फक्त शिरा आवडतो म्हणून खाणारा माणूस. त्याचा हात तिथेच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. समजा हलवला, आणि समजा उद्या तेच झालं जे आधी दोनदा झालं, तर ही बाई जन्मभर म्हणेल की तुम्ही मारलंत. आणि मी म्हटलंच असतं.

रुमाल त्यांनी खिशात घातला. मग दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, शेगडीतले निखारे काढून विझवले, मला कोट घातला, वर रजई गुंडाळली. रोज निघताना तसंच करून जायचे आणि बजावून जायचे, "खिडक्या उघड्या ठेव. एवढं तरी ऐक." दुसऱ्या खोलीसाठी फ्राऊ केर्स्टनशी बोलले, पण खालची खोली मार्चपर्यंत भाड्यानं गेलेली होती. मला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी लघवी तपासायला शहरात पाठवली. मला समजावलं, विनवलं, एकदा रडले. मी ऐकलं नाही. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी ते म्हणाले, "देवाचं राहू दे. माझ्याबरोबर एका ठिकाणी चल. नंतर तू म्हणशील तसं."

खाली दरीत गिरणीच्या मागे सरकारी चाळ होती, जुन्या कामगारांच्या बायकांसाठी. पाणचक्की बर्फात अडकून तिरकी झाली होती. मुसळं उघडी पडली होती, बारापैकी सात उरलेली, लोखंडाचे पाय गंजलेले. मुंबईची माणसं गड बघतात तसं मी ते बघत उभी राहिले असते, पण यशवंतांनी दंडाला धरून पुढे नेलं. चाळीतल्या शेवटच्या दारावर पाटी होती, हार्टुंग.

"ती जिवंत आहे?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी तीच. मी कालच येऊन गेलो."

म्हातारी सत्याहत्तर वर्षांची होती. अंगानं चिमणीएवढी. तिनं मला आत घेतलं, बसवलं, कॉफी केली. कप आणताना बशीवर कप असा वाजत होता की खोलीत दुसरं काही ऐकू येईना. मी उठून तिच्या हातातून तो घ्यायला गेले. माझ्या हातातही तो तसाच वाजायला लागला. ती कपाकडे बघत राहिली, मग माझ्या पोटाकडे.

"कितवा महिना?" तिनं विचारलं.

"पाचवा."

"माझं पाचवं मूल होतं तेव्हा पाचव्या महिन्यात मी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या," ती म्हणाली. ती हळू बोलत होती, मला जर्मन कळावं म्हणून. "चार गेली होती. हे राहिलं. मी म्हटलं, देवानं ऐकलं. डॉक्टर म्हणाला, ती चामडी घरात आणू नकोस. मी म्हटलं, चामडी तर आधीही होती, तरी हे राहिलंय, म्हणजे चामड्याचा दोष नाही. नवऱ्याला मी चामडी घरातून काढू दिली नाही. नोकरी गेली असती ना. आणि मूल तर राहिलं होतं."

मी अधाशासारखं विचारलं, "मग ते वाचलं? जन्मलं?"

"हो," ती म्हणाली. "मार्था. ये, भेट तिला."

आतल्या खोलीत खिडकीशी एक बाई बसली होती. पन्नाशीची, केस पांढरे, नीट विंचरलेले, गळ्याशी स्वच्छ पांढरी कॉलर. आम्ही आत गेलो तशी ती हसली. आमच्याकडे बघून नव्हे, नुसतीच. तिचं डोकं एका बाजूला कलत होतं आणि म्हातारी दर थोड्या वेळानं ते हातानं सरळ करत होती. तिनं हे इतक्या वर्षांत किती वेळा केलं असेल, तिला कळतही नव्हतं की ती करतेय.

"ती बोलत नाही," म्हातारी म्हणाली. "मला ओळखते. बहुतेक ओळखते. गुणाची आहे माझी मुलगी." मग माझा हात तिनं तिच्या हातात घेतला. दोन्ही हात थरथरत होते. "मी नऊ महिने देवाचे आभार मानत होते, बाई. मूल राहावं एवढंच मी मागितलं होतं. त्यापुढचं मागायचं मला सुचलंच नाही."

मी तिथेच खाली बसले. यशवंत मला उठवायला आले, त्यांना मी ढकललं. मी राहू दे, राहू दे म्हणत होते. तीन महिने रोज सकाळी कट्ट्यासमोर उभी राहून मीसुद्धा तेवढंच म्हणत होते.

घरी आल्यावर देव मी स्वतः काढला. नदीत सोडते म्हटलं तर यशवंत म्हणाले, नदी खालच्या गावचे लोक पितात. मग काचेच्या बरणीत पाणी घालून त्यात तो ठेवला, झाकण लावलं, आणि बरणी त्यांच्या हातात दिली. हळद-कुंकू वाहायचं राहून गेलं. त्याच दिवशी आम्ही ती खोली सोडून भास्करकडे गेलो. भास्कर म्हणजे यशवंतांचा कॉलेजातला मित्र, झिंडेलफिंगेनला मोटारीच्या कारखान्यात. त्याच्या एका खोलीत आम्ही तिघं पाच आठवडे राहिलो आणि त्या बिचाऱ्यानं एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

महिन्याभरात माझ्या हातांची थरथर थांबली. हिरड्या बऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्ही तरुण आहात, तुमच्या शरीरातून जाईल. बाळाचं विचारलं तर म्हणाले, आबवार्टन. वाट बघा. जर्मन माणसाला काही माहीत नसलं की तो हा शब्द काढतो.

जुलैत मुलगी झाली. नऊ महिने पूर्ण भरून, सहा पौंडांची, डोक्यावर दाट जावळ. रडली, तेही चांगलं खणखणीत. यशवंतांनी तिच्या तळहातावर बोट ठेवलं, तिनं मूठ मिटली, आणि हा माणूस इस्पितळाच्या मधोमध लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मी त्या मुठीकडे बघत होते. मूठ थरथरत होती. सुईणीनं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, फ्राऊ बर्वे, सगळीच नवजात बाळं थरथरतात. आम्ही तिचं नाव सुधा ठेवलं. सासूबाईंनी पुण्यात सोमवारी अकरा ब्राह्मण जेवू घातले आणि लिहिलं, देव पावला.

सुधा आता सात वर्षांची आहे. आम्ही बॉनला असतो, कारण इथे तिच्यासारख्या मुलांची एक चांगली शाळा आहे. ती चालते, पायऱ्या मात्र धरून. तिला गाणं कळतं. बोलत नाही. लोक विचारतात तेव्हा यशवंत सगळं सांगतात, काहीच लपवत नाहीत. पारा मी आणला, देव मी केला, चूक माझी, असं म्हणतात. मग ते नेहमी एक वाक्य जोडतात. माझ्या बाजूनं जोडतात, मला सांभाळून घ्यायला. शपथेचं नाव काढत नाहीत. म्हणतात, "कळल्यावर बारा दिवस लागले आम्हाला तो हलवायला. पण निदान ते बारा दिवस खिडक्या उघड्या होत्या. शेगडी बंद होती." डॉक्टरसुद्धा म्हणतात, मग त्या दिवसांनी फारसा फरक पडला नसेल.

मी मान डोलावते. सात वर्षं डोलावतेय.

त्या बारा दिवसांत ते रोज सकाळी जिना उतरून गेले, खालचं दार वाजलं, की मी उठायचे. दोन्ही खिडक्या लावून घ्यायचे, फटीत कापड कोंबायचे आणि शेगडी पेटवायचे. देव गारठला होता. त्यानं माझं बाळ राखलं होतं आणि मी त्याला बर्फात ठेवायचं? दिवसभर मी शेगडीला पाठ लावून त्या कट्ट्याखाली बसायचे, पोटावर हात ठेवून. चार वाजले की निखारे विझवायचे आणि खिडक्या परत उघडायचे. ते येऊन शेगडीच्या फरशीला हात लावून बघायचे. फरशी जरा कोमट लागली तर मी म्हणायचे, खालून फ्राऊ केर्स्टनची शेगडी तापते. त्यांनी कधी शंका घेतली नाही. मी सांगितलेलं सगळं खरं मानण्याची त्यांना सवय आहे.